एका फडक्यातले चार विळे

तुळशीचं लग्न उरकलं की भोरच्या बाजारात नव्या तांदळाची पोती तोंड उघडून बसतात. इंद्रायणीचा वास रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला येतो. बायका मूठभर तांदूळ नाकाशी नेतात, दोन दाणे दाताखाली फोडून बघतात आणि मग घासाघीस सुरू करतात. दुकानदार मला ओळखतो, कारण त्याची दोन्ही मुलं माझ्या वर्गात होती. "बाई, वेल्ह्याकडचा हाय, नवाकोरा. शिजताना गल्लीला कळतंय," असं तो दरवर्षी म्हणतो. मी तांदूळ घेते. खातेही. पण त्या वासानं इतरांना भूक लागते आणि मला चीड येते. अंगातून वर चढत जाणारी, कानशिलं तापवणारी चीड. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा आठवणींच्या लेखात वाचणाऱ्याला हुरहुर हवी असते. हुरहुर वगैरे काही नाही. दुःख होतं, ते रडून झालं. उरला आहे तो राग, आणि कापणीचे दिवस आले की तो ताजा होतो.

माझी धाकटी बहीण सुमन अशाच दिवसांत गेली. गेली हा शब्दही मी उगाच सवयीनं लिहिते. तिला मारलं. तिच्या दिरानं, दत्तानं, भर सकाळी, तिच्याच खाचरात, भात कापायच्या विळ्यानं मारलं. आणि पुढं कितीतरी वर्षांनी कोर्टानं दत्ताला सोडून दिलं. या दोन वाक्यांच्या मध्ये जे घडलं, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

आम्ही बहिणी भोंगवलीच्या. तिकडं ज्वारी, भुईमूग, घेवडा. भात आम्ही ताटात बघितलेला, चिखलात नाही. सुमनचं लग्न वेल्ह्याच्या पलीकडं धरणाच्या फुगवट्याला लागून असलेल्या गावात झालं, तेव्हा पहिल्या वर्षी तिनं कापणीत हाताची सालटं काढून घेतली होती. दिवाळीला माहेरी आली ती बोटांना चिंध्या बांधून. आमची आई तिच्या सासूला नावं ठेवायला लागली तर सुमनच उसळली. "आत्याबाईंना काय बोलू नको. त्यांनीच हळद भरली बोटात. म्हणाल्या, भाताची ओळख अशीच व्हती." आत्याबाई म्हणजे तिची सासू. सुमन म्हणायची म्हणून मीही त्यांना आत्याबाईच म्हणायला लागले. बुटक्या, काटक, बोलायला तिखट. त्यांच्या थोरल्या मुलाशी, म्हणजे आमच्या मेहुण्यांशी, सुमनचं लग्न झालेलं. मेहुणे पुण्यात टेम्पो चालवायचे आणि एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेले. मागे सुमन, तिची मुलगी अश्विनी, आत्याबाई आणि धाकटा दीर दत्ता.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुद्दाम सुमनकडं जायची. त्या खोऱ्यातली ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. धरणावरून धुकं उठून खाचरांवर येतं आणि पिवळं भात दिसेनासं होतं. नुसते आवाज ऐकू येतात. विळ्याची खरखर, कुणाचं तरी खोकणं, बांगड्या. पायाखाली दहिवरानं भिजलेला चिखल, आता घट्ट होत आलेला. मग ऊन वर चढतं आणि धुक्यातून माणसं एकेक करून उगवतात, कमरेत वाकलेली. सगळी कामं सावडीनं. आज तुझ्या खाचरात दहा जण, उद्या माझ्या खाचरात तेच दहा जण, पैशाचा संबंध नाही. मी कापायला बसले की सगळ्या बायकांची करमणूक. "मास्तरीणबाई, भात हाय त्यो, फळ्यावरचा खडू न्हाई, घट्ट धरा," अशी माझी चेष्टा चालायची आणि सुमन हसत हसत माझी राहिलेली ओळ पुरी करून टाकायची.

या सावडीची एक पद्धत होती. न्याहारीला किंवा पाणी प्यायला उठलं की आपापला विळा कुठंही टाकायचा नाही. कापलेल्या भातात हरवतो, कुणाच्या तरी पायात शिरतो. म्हणून बांधावर कापलेल्या भाताची एक जाड पेंडी उभी करून ठेवलेली असायची आणि सगळ्यांनी आपापले विळे त्या पेंडीत खोचायचे. परत कामाला लागताना प्रत्येकजण न बघता आपला विळा उपसून घ्यायचा. मूठ हाताला कळायची. सुमनच्या विळ्याची मूठ गुळगुळीत सागाची. दत्ताची मूठ मागं कधीतरी तडकलेली, तिच्यावर त्यानं तांब्याची तार गुंडाळलेली.

त्या वर्षी घरात कुरबूर होती. पानशेतकडं बंगल्यांना जागा उरली नाही, तसे पुण्याचे लोक आमच्या खोऱ्याकडं वळले. फुगवट्याच्या काठाला सुमनच्या वाट्याचा तुकडा होता, अश्विनीच्या नावावर पुढं जाणारा. तिथून पाणी फार छान दिसतं म्हणे. सुमनला तिथून फक्त भात दिसायचं. दत्तानं कुणाला तरी शब्द देऊन ठेवला होता आणि सुमन सही काय, अंगठाही द्यायला तयार नव्हती. आत्याबाई सुनेच्या बाजूनं. दत्ता आदल्या आठवड्यात मला एसटी थांब्यावर भेटला होता. "ताई, तुमी तरी समजवा तिला," एवढंच म्हणाला. आवाज चढवला नाही, काही नाही.

त्या सकाळी सावडीतली माणसं पाणी प्यायला वरच्या झाडाखाली गेली. सुमन मागं राहिली, पेंड्या बांधत होती. आत्याबाई बांधापलीकडं वाळलेलं भात उलटत होत्या. दत्ता आला, पेंडीतला आपला विळा उपसला, दोघांचं काहीतरी बोलणं झालं आणि त्यानं वार केला. दोनदा. आत्याबाईंनी ते पाहिलं. आणि नंतर त्यानं जे केलं तेही पाहिलं. त्यानं विळा नेऊन पुन्हा त्याच पेंडीत खोचला. बाकीच्या विळ्यांच्या शेजारी. रोज उठता बसता करायची गोष्ट, हातानं आपोआप केली. मग तो धरणाच्या वाटेनं निघून गेला.

पोलीस आले तेव्हा ती पेंडी बांधावर तशीच उभी होती. चार विळे. आत्याबाईंचा, सुमनचा, शेजारच्या एका बाईचा आणि दत्ताचा. बाकीच्यांनी आपापले विळे पोलीस यायच्या आधीच उपसून नेले होते. आत्याबाई सुनेपाशी बसलेल्या, पण विचारल्यावर उठल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यो. तारंचा. ह्येनंच मारलंय." खून करणाऱ्याच्या आईनं खुनाचं हत्यार दाखवलं. अजून काय हवं होतं पोलिसांना? देव खाली येऊन सही करणार होता?

तपासाला आलेला अधिकारी तरुण होता. त्याला सकाळपासून दोन ठिकाणांहून फोन येत होते, कुठल्या तरी दौऱ्याच्या बंदोबस्ताचे. त्यानं चारही विळे पेंडीतून उपसायला लावले आणि एका फडक्यात एकत्र बांधले. एक गाठोडं, एक चिठ्ठी, एक लाखेचा शिक्का. मी भोरहून पोचले तेव्हा ते गाठोडं जीपच्या मागच्या फळीवर पडलेलं होतं. मी विचारलंसुद्धा, "सगळे एकत्र कशाला बांधलेत?" तो म्हणाला, "मॅडम, काही राहायला नको म्हणून सगळेच घेतलेत." म्हणजे त्याच्या मते तो काळजी घेत होता. एका विळ्याचं ओलं रक्त बाकी तीन विळ्यांना लागेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि तीन फडकी आणखी शोधायचा कंटाळा आला असेल. यातलं कुठलं खरं मानलं तर मला कमी राग येईल हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. दहावीच्या परीक्षेला आमच्या केंद्रावर पोरांच्या उत्तरपत्रिका बांधताना केवढा सोहळा असतो. विषयाप्रमाणे वेगळा गठ्ठा, वर कागद, दोरा, लाख, माझी सही, केंद्रप्रमुखाची सही. एखादा गणिताचा पेपर भूगोलाच्या गठ्ठ्यात गेला तर आमची नोकरी धोक्यात येते. आणि ते बरोबरच आहे, पोराच्या वर्षाचा प्रश्न असतो. पण मग एका बाईच्या जिवाचा प्रश्न असतो तेव्हा नियम कुठं जातात? तेही लिहिलेले असणारच. पुस्तकं आहेत, प्रशिक्षणं आहेत. त्या दिवशी बांधावर त्यातलं काहीच नव्हतं.

पंचनाम्याला पंच लागतात. गावातली माणसं कुणी पुढं येईनात, त्यांच्यावर माझा वेगळा राग आहे. मग चौकीशेजारच्या चहाच्या टपरीवरचा माणूस पंच केला. तो आमच्या खाचरात आलाच नाही. त्यानं चौकीतल्या टेबलावर सही केली आणि चहा द्यायला निघून गेला. आम्हाला हे कळलं ते थेट कोर्टात, त्याच्याच तोंडून.

खटला म्हटल्यावर आपल्याला वाटतं आपला खटला. तसं नसतं. खटला सरकारचा असतो, आरोपीविरुद्ध. मारलेली बाई आपली, पण आपण मागच्या बाकावर बसायचं. मोबाईल बंद करून, तोंड बंद करून. तारखा पडत गेल्या. खून झाला तेव्हा अश्विनी चौथीत होती. तिला मी भोरला माझ्याकडं आणलं. ती पाचवीत गेली, सहावीत गेली, ती माझ्यापेक्षा उंच झाली, आणि जिल्ह्याच्या कोर्टात आमच्या तारखा पडतच होत्या. दत्ता जामिनावर सुटून गावात भात कापत होता. सरकारी वकील दोनदा बदलले. पहिल्यांनी फाइल वाचली होती, ते बदलून गेले. दुसऱ्यांनी अर्धी वाचली, तेही गेले. तिसरे आले त्यांच्या हातात एकाच दिवशी इतकी कामं असायची की ते कॉरिडॉरमध्ये चालता चालता पानं उलटायचे. माणूस वाईट नव्हता. मला हेच वाक्य सारखं बोलावं लागतं. अधिकारी वाईट नव्हता, वकील वाईट नव्हते, चहावालाही वाईट नव्हता. वाईट कुणी नव्हतं आणि माझ्या बहिणीचा खून कुणी केला नाही असं ठरलं.

आत्याबाईंच्या साक्षीचा दिवस. गावातून तोवर सगळ्यांनी अंग काढून घेतलं होतं. "आमी पाणी प्यायला गेलो व्हतो, काय बगितलं न्हाई," एवढं सांगून सावडीतली माणसं साक्षीतून मोकळी झाली. एकट्या आत्याबाई उरल्या. नातेवाईक येऊन पायाशी बसून गेले होते. एकुलता राहिलेला ल्योक, उद्या तुम्हाला खांदा कोण देणार, सगळं ऐकवून झालं. आत्याबाई मला म्हणाल्या, "खांदा द्यायला चार मानसं कुटूनबी येत्यात. खरं बोलायला म्या एकलीच हाय." नऊवारी स्वच्छ धुऊन, पदर डोक्यावरून घट्ट ओढून त्या पहिल्या एसटीनं निघाल्या. मी नसरापूरच्या फाट्यावर गाडीत चढले. वाटेत एवढंच विचारलं, "त्यो तारंचा इळा दाखवतील न्हवं? म्या लगीच वळखीन."

सरकारी वकिलांनी त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. "आजी, जे पाहिलंत ते सांगा, घाबरू नका," म्हणाले. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "मयत म्हणजे यांची मुलगी की सून?" "सून," मी म्हणाले.

पिंजऱ्यात आत्याबाई सगळं बोलल्या. अडखळल्या नाहीत. दत्ता समोर होता, त्याच्याकडं बघून बोलल्या. "ह्येनं मारलं. म्या बांधावरनं बगितलं. दोन डाव मारला." मला वाटलं, झालं. आईनं सांगितल्यावर अजून काय राहिलं?

राहिलं होतं ते गाठोडं. ते त्या दिवशी आलंच नव्हतं. मुद्देमाल आणणारा शिपाई बंदोबस्तावर गेलेला. न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "साक्षीदाराला हत्यार दाखवायचं नाही का?" सरकारी वकील म्हणाले, "नंतर दाखवू, साहेब." तारीख मागितली असती तर मिळाली असती. इतक्या वर्षांत शेकडो फालतू कारणांसाठी मिळाल्या होत्या. एक या कामासाठी मागायची. पण त्यांना बहुधा दुसऱ्या कोर्टात जायचं होतं. त्या एका "नंतर"मध्ये सगळं बुडालं.

आरोपीचे वकील फार मऊ बोलणारे. आत्याबाईंना त्यांनी आधी बसायला खुर्ची द्यायला लावली, पाणी दिलं. मग विचारलं, "आजी, कापणी करताना बोटाला लागतं का कधी?"

"लागतंय की. ह्ये बगा," म्हणून आत्याबाईंनी डावा हात पुढं केला. सगळ्या बोटांवर जुन्या पांढऱ्या रेघा.

"म्हणजे विळ्याला रक्त असतं."

"आसतंय."

"सगळ्यांच्याच विळ्यांना?"

"आसंल. सगळ्यांस्नीच लागतं."

"बांध निसरडे असतात?"

"दहिवरानं असत्यातच."

"आणि दत्ताशी तुमचं पटत नव्हतं, सून लाडकी होती."

"त्याच्याशी कुनाचं पटतंय?" आत्याबाई म्हणाल्या. लोक हसले. दत्ताचे वकीलही हसले आणि खाली बसले.

सुमन दहिवरात घसरली आणि स्वतःच्या विळ्यावर पडली, असं त्यांचं म्हणणं होतं. दोनदा पडली असेल मग, तसं असेल तर. आता सरकारी वकिलांची पाळी. साक्षीदाराला पुन्हा विचारायचा हक्क असतो. एकच प्रश्न पुरे होता. त्या दिवशी कुणाचं बोट कापलं होतं का? न्यायाधीशांनी विचारलं, "फेरतपासणी?" सरकारी वकील फाइल आवरत म्हणाले, "नाही."

परत येताना नसरापूरला गाडी बदलायची होती. थांब्यावर आम्ही भज्यांची पुडी घेऊन बसलो. आत्याबाईंनी एकही खाल्लं नाही. पुडी माझ्याकडं सरकवून म्हणाल्या, "त्या दिशी कुनाचंच कापलं न्हवतं. आमी दोन वळीच तर कापल्या व्हत्या. त्यानं इचारलंच न्हाई गं. इचारलं असतं तर सांगितलं असतं." त्यांना वाटत होतं चूक त्यांचीच झाली. पोटच्या पोराविरुद्ध उभी राहिलेली बाई घरी परतताना स्वतःला दोष देत होती, कारण ज्याचं काम विचारणं होतं त्यानं विचारलं नव्हतं. मला त्या क्षणी कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटली. समोर कुणी नव्हतं, पुण्या-साताऱ्याकडं जाणाऱ्या गाड्या होत्या.

गाठोडं पुढच्या कुठल्यातरी तारखेला उघडलं. मी होते. लाख फोडली, फडकं सोडलं, चार विळे एकमेकांना गंजून चिकटलेले. तार दिसत होती मला, लांबून दिसत होती. प्रयोगशाळेनं लिहिलं होतं की विळ्यांवर माणसाचं रक्त आहे. कुठल्या विळ्यावर, तर सगळ्यांवर थोडं थोडं. कुणाचं, ते सांगता येत नाही. चहावाल्यानं सही टेबलावर केल्याचं सांगितलं. सुमनचं शव तपासणाऱ्या डॉक्टरांनाही कुणी विळा दाखवून विचारलं नाही की हा घाव पडून होईल का. आणि आत्याबाईंना परत बोलावून "यातला कुठला?" एवढं विचारावं, हे तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अश्विनी बारावीत असताना निकाल लागला. मी तो मराठीत समजून घेऊन शेवटपर्यंत वाचला. न्यायाधीशांवर माझा राग नाही, हे ऐकून माझ्या घरचेच चिडतात. पण मीही पेपर तपासते. उत्तरपत्रिकेत लिहिलेलं असेल त्यालाच गुण देता येतात, पोराच्या डोक्यात काय होतं त्याला नाही. न्यायाधीशांनी तेच केलं. आई एकमेव साक्षीदार, मुलाशी तिचं वैर, तिला हत्यार दाखवलेलं नाही, पंचनामा टेबलावरचा, रक्त चारही विळ्यांवर. म्हणून संशयाचा फायदा आरोपीला. निरपराध माणूस अडकू नये म्हणून हा नियम आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला मी तो मुलांना शिकवते आणि अजूनही मनापासून मानते. माझा संताप वेगळाच आहे. तो संशय आला कुठून? दत्तानं तो पैदा केला नाही. त्यानं तर हत्यारसुद्धा लपवलं नव्हतं, जागच्या जागी ठेवून गेला होता. संशय आमच्या बाजूच्या, सरकारी पगारावरच्या माणसांनी एकेक करून गोळा केला आणि त्याच्या ओंजळीत घातला. एकानं फडकं वाचवलं, एकानं चालणं वाचवलं, एकानं एक तारीख वाचवली. त्यांच्यापैकी कुणालाही त्या निकालानंतर एका दिवसाचा पगार कमी मिळाला नाही. एकाची बढती झाली, असं कानावर आहे.

"जाऊ द्या बाई," लोक म्हणतात. शाळेत म्हणतात, बाजारात म्हणतात. भोंगवलीला आमचे चुलते म्हणतात, "आता पोरीचं बघा, झालं ते झालं." मी त्यांना विचारते, तुमच्या घरातलं माणूस असतं तर? मग ते पाणी पितात. सरकारनं अपील केलं नाही. आम्ही केलंय. ते वर पडून आहे, आणि आमचे वकील सांगतात की तिथं नवी साक्ष होत नाही, आहे त्याच कागदांवर बघतात. म्हणजे त्याच टेबलावरचा पंचनामा, तेच गाठोडं, तीच न झालेली फेरतपासणी. आत्याबाई मात्र दर भेटीत विचारतात, "परत बोलवत्यात का गं? इळा दाखवत्यात का?" मी त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही, सांगवत नाही.

गेल्या आठवड्यात मी आणि अश्विनी कापणीला गेलो. ती आता पुण्यात नर्सिंग शिकते, रजा टाकून आली होती. फुगवट्याच्या काठचा तुकडा आहे तसाच आहे, भात पिवळं धमक झालेलं. शेजारून दत्ताचं खाचर. त्याच्याकडं सावडीला अख्खं गाव. मोबाईलवर गाणी लावलेली, टेम्पो उभा, मळणीचं यंत्र आणलेलं. आमच्याकडं आम्ही दोघी आणि आत्याबाई. सावड आम्हाला मिळत नाही. केस केलेलं घर म्हणतात आम्हाला. ज्याला कोर्टानं सोडलं तो स्वच्छ झाला आणि कोर्टात गेलो ते आम्ही बाटलो. मधेच एक गाडी थांबली, त्यातून उतरलेल्या मंडळींनी भातात उभं राहून फोटो काढले आणि आम्हाला विचारलं, "मावशी, किती शांत आहे ना इथं?" अश्विनीनं माझा हात दाबला म्हणून मी गप्प बसले.

दुपारी बांधावर भाकरी सोडली. आत्याबाई आता फार वाकल्या आहेत. कापताना बसूनच पुढं सरकतात. त्या अजून त्याच घरात राहतात, दत्ताच्या. मी दरवर्षी म्हणते तेच म्हणाले, "आत्याबाई, भोरला चला. दोन खोल्या आहेत, अश्विनी सुट्टीला येईल. त्याच्या घरात कशाला राहता?"

"त्याच्या घरात कुटं? माज्याच घरात ऱ्हाते म्या," त्या म्हणाल्या. मग हातातला कांदा फोडून अश्विनीला दिला. "आन म्या तितनं उठले की ह्यो तुकडा गेला म्हनून समज. तिची आई ह्येच्यापायी गेली. म्या हाय तवर त्येला हात लावायची टाप न्हाई कुनाची."

म्हणजे जे काम पोलिसांचं, वकिलांचं, सरकारचं होतं, ते करायला ही म्हातारी त्या घरात रात्रंदिवस बसली आहे. "भीती नाही वाटत?" मी विचारलं. "रोज त्याच्यासमोर..."

"भ्या कशाचं? रोज रांधते, रोज वाडते त्येला. आन वाडताना रोज सांगते, दत्ता, म्या बगितलंय."

अश्विनीनं मान वर केली. पलीकडच्या खाचरातून यंत्राचा आवाज येत होता.

"मग तो काय म्हणतो?" तिनं विचारलं.

"काय म्हननार?" आत्याबाई म्हणाल्या. "खाली बगून जेवतोय."